पुराच्या पाण्यातून निघालेला पिंग आय टू गोल्फ सेट: दहा महिने वापरून

आधीच सांगतो, मी काही फार भारी खेळाडू नाही, हँडिकॅप (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला) २१ होता तो आता १९ वर आलाय, रविवारी सकाळी आणि जमलं तर बुधवारी, एवढंच. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, छोटं मशीन शॉप आहे त्यामुळे धातू, वेल्डिंग, मापं यातलं थोडंफार कळतं, गोल्फमधलं त्याहून कमी कळतं.

सेट माझ्या सासऱ्यांचा, आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणायचो. १९८९ मधे त्यांच्या चुलतभावानं अमेरिकेहून येताना आणलेला पिंग आय टू, ३ नंबरपासून (नंबर लहान तितका बॉल लांब) पिचिंग वेजपर्यंत आठ आणि एक सँड वेज (वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांची काठी), म्हणजे नऊ काठ्या. नाना गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि बरीच वर्षं मी तो "सध्या चालवू, पुढे नवीन घेऊ" असंच म्हणत वापरला. मग ऑगस्ट २०२४ चा पूर आला. बडोद्यात ज्यांनी तो पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको, विश्वामित्री नदी घरात शिरली होती लोकांच्या. आमच्या पार्किंगमधे गाडी अडीच दिवस पाण्यात आणि बॅग गाडीच्या डिकीत.

पाणी उतरल्यावर बॅग उचलली तर वजन दुप्पट. मुलगा म्हणाला बाबा आता तरी नवीन घ्या, निमित्त मिळालंय. मलाही तेच वाटत होतं खरं तर. अहमदाबादला जाऊन सिम्युलेटरवर ट्रायल पण मारून आलो, सेटचा भाव एक लाखाच्या जवळ.

तिथे नवीन ७ नंबरनं माझा बॉल १४१ यार्ड कॅरी (हवेतलं अंतर) गेला. जुन्या ७ नं, म्हणजे मी घरून तशीच चिखलाची पुसून नेलेली काठी, १२८. तेरा यार्ड! पोरगा माझ्याकडे बघून हसतोय, सेल्समन कॅल्क्युलेटर काढतोय, आणि मी पण पाकीट काढलंच होतं जवळजवळ. पण सवय म्हणून विचारलं की या काठीचा लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा कल, कमी तितका बॉल लांब) किती, तर म्हणाला साडेअठ्ठावीस. मी म्हटलं उद्या सांगतो.

घरी न जाता आधी शॉपवर गेलो, माझी ७ सरफेस प्लेटवर धरून बेव्हल प्रोट्रॅक्टरनं मोजली, छत्तीसच्या आसपास भरली (पट्टीचं काम नाही हे, सोल म्हणजे काठीचा तळ गोल असतो, तीनदा मोजून सरासरी धरली). मग ६ मोजली, ५ मोजली. माझ्या ५ नंबरचा लॉफ्ट सुद्धा त्यांच्या ७ पेक्षा जास्त निघाला!! म्हणजे काठीवर खाली ७ कोरलंय पण आत ५ आहे, जरा ताणून ४ च म्हणा. पुढच्या शनिवारी परत गेलो आणि जुनी ६ मारली, १३९. मग तुम्हीच सांगा, एक लाख कशाचे?

पण अन्याय नको, नवीन काठी निव्वळ आकडा बदललेली नसते. एवढा कमी लॉफ्ट असून बॉल वर जातो कारण वजन खाली ठेवलंय आणि फेस पातळ आहे, माझ्या ५ नं तसा उंच बॉल मला कधीच निघत नाही, आणि ज्यांचा स्विंग हळू झालाय त्यांना हे खरंच उपयोगाचं आहे. फक्त "तेरा यार्ड वाढले" असं कोणी सांगितलं तर आधी लॉफ्ट विचारा. दुसरी गोष्ट म्हणजे त्या सेटमधे पिचिंग वेज ४३ डिग्रीची, म्हणजे खाली जी पोकळी पडते ती भरायला ४८ ची एक आणि ५४ ची एक अशा दोन वेज वेगळ्या घ्या, वेगळे पैसे द्या, आणि बॅगेत १४ च काठ्या चालतात हा नियम १९३८-३९ पासून आहे तो आहेच. माझी पिचिंग वेज पन्नासच्या आसपास आहे, तिच्याखाली सँड वेज, संपलं.

तर सेट वाचवायचा ठरवला. ग्रिप कापल्या, आणि शाफ्ट (काठीचा दांडा) उलटा केल्यावर आतून काय निघालं असेल तर गाळ. अक्षरशः विश्वामित्रीचा काळा गाळ, वास तोच. शाफ्टला बाहेरून क्रोम असतं, आतून नसतं, म्हणून गंज धरला तर आतूनच धरणार. कॉम्प्रेसरची हवा मारून नऊच्या नऊ साफ केल्या, दोन दिवस उन्हात उभ्या ठेवल्या, मग लांब सळईला चिंधी बांधून आतून तेलाचा हात फिरवला. डोक्यांना काही म्हणजे काही झालं नव्हतं, स्टेनलेस आहेत, भांड्याच्या साबणानं धुतली आणि झालं.

नवीन ग्रिप स्वतःच बसवल्या. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, रंगवाल्याकडचं टर्पेंटाइन, आणि एका दमात ढकलायचं, मधे थांबायचं नाही. मी पहिल्याच काठीला टर्पेंटाइनची कंजुषी केली आणि ग्रिप अर्ध्यात जाऊन जी अडकली ती पुढेही नाही मागेही नाही, कापूनच काढावी लागली, सातशे रुपये पाण्यात. त्यानंतर मात्र अर्धी वाटी ओतत गेलो, खाली परात ठेवून. बायको म्हणाली ती परात आता परत स्वयंपाकघरात आणायची नाही. दहा ग्रिपचे मिळून सात हजार. माझ्या मते जुन्या सेटवर सगळ्यात आधी खर्च करायची गोष्ट हीच, गुळगुळीत ग्रिप असली की आपण नकळत मूठ आवळतो आणि मग खांद्यापर्यंत सगळं आखडतं.

उरलेल्या पैशातले काही एका कोचकडे गेले, आठ लेसन. आणि इथे मला कळलं की जुन्या सेटची खरी अडचण त्याचं वय नाही, त्याचं माप आहे. माझे आयर्न (या नंबरच्या काठ्या) कायम थोडे उजवीकडे जायचे, वर्षानुवर्षं मी स्विंगला दोष देत होतो. कोचनं सोलला टेप लावून मॅटवर मारायला लावलं, खूण टोकाकडे. पिंगच्या काठीवर एक रंगीत ठिपका असतो, काळा म्हणजे स्टँडर्ड, माझ्या काठ्यांवर लाल, म्हणजे जास्त आडव्या (दांडा जमिनीकडे जास्त झुकलेला). नाना पाच फूट चार इंच, मी पाच अकरा! त्यांच्या मापाचे कपडे घालून मी हिंडत होतो म्हणा ना. कास्टिंगची डोकी वाकवायची म्हणजे रिस्क, ज्या फिटरकडे गेलो त्यानं "तुटलं तर जबाबदारी तुमची" असं लिहून घेतलं, मग दोन डिग्री उभ्या करून दिल्या. एकही तुटली नाही. पुढच्या रविवारी पहिलाच ७ नंबर सरळ गेला आणि मी सवयीनं डावीकडे एम केला होता म्हणून बंकरमधे.

आता तक्रारी. फेब्रुवारीत ८ नंबरचं डोकं हलायला लागलं, फेरूल (डोक्याच्या वरची प्लास्टिकची कडी) वर सरकली होती. मी शहाणपणा करून पाच मिनिटांत वाळणाऱ्या इपॉक्सीनं चिकटवलं. मे महिन्यात बॅग दिवसभर डिकीत, बाहेर ४३ डिग्री, आत किती असेल देव जाणे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फेअरवेवर मारलं तर बॉल गेला वीस यार्ड आणि डोकं गेलं चाळीस. कॅडी (बॅग उचलणारा) ओरडला, "साहेब, माथुं उडी गयुं!" आणि बॉलकडे न बघता डोक्याच्या मागे धावला. बरं झालं पुढे कोणी नव्हतं, हसण्यावारी गेलं पण हे खरंच डेंजर आहे. चूक पूर्ण माझी. शाफ्टसाठीचं चोवीस तासवालं इपॉक्सी मिळतं ते वापरा, आणि आतलं जुनं सगळं खरवडून काढा. मग मी बाकीच्या आठही काढून परत चिकटवल्या, सोक्षमोक्ष.

३ नंबर मला उचलत नाही, कधीच उचलत नव्हता, त्याच्या जागी हायब्रिड (बॉल उचलायला सोपी, जाड डोक्याची काठी) टाकलाय. सँड वेजचे ग्रूव्ह (फेसवरच्या खाचा) वाळूनं पार घासले गेलेत, हिरवळीवर बॉल थांबायच्या ऐवजी चालत जायचा, म्हणून ती एक वेज मात्र नवी घेतली. आणि गंमत म्हणजे याच आय टू च्या चौकोनी ग्रूव्हवरून अमेरिकेत केवढी कोर्टबाजी झाली होती, शेवटी १९९० मधे तडजोड झाली आणि १ एप्रिल १९९० च्या आधी बनलेल्या काठ्या चालतील असं ठरलं. म्हणून २०१० मधे नवीन ग्रूव्हचा नियम आल्यावर सुद्धा फिल मिकलसन जुनी आय टू वेज घेऊन उतरला होता आणि दुसऱ्या एका प्रोनं त्याला सरळ चीटिंग म्हटलं. माझ्या वेजचे ग्रूव्ह आता असे आहेत की तिला कोणी चीटिंग म्हणणार नाही.

ड्रायव्हरच्या, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीच्या बाबतीत मात्र मी जुन्याच्या बाजूचा नाही. नानांचा लाकडी ड्रायव्हर, पर्सिमनचा, अजून घरी आहे, नीट बसला की जो आवाज येतो तो आजच्या कुठल्याही डब्यासारख्या ड्रायव्हरला येत नाही. पण नीट बसतो दहातून एकदा. १९९१ मधे कॅलवेचा बिग बर्था आला तेव्हा १९० सीसीचं डोकं लोकांना प्रचंड वाटलं होतं, आज ४६० आहे आणि २००४ पासून नियमानं तेवढंच ठेवलंय, फेस किती उसळी देईल त्यालाही मर्यादा आहे. म्हणजे मधोमध मारलेल्या बॉलला गेल्या वीसेक वर्षांत फार काही मिळालेलं नाही, जे काही मिळालंय ते चुकलेल्या बॉलला. आणि माझे चुकतातच. म्हणून नऊ-दहा वर्षं जुना ४६० सीसी ड्रायव्हर सेकंडहँड घेतला, नव्याच्या पाव किमतीत, टी-शॉट आता निदान झाडांच्या अलीकडे सापडतो.

आपलं पॅलेसमधलं कोर्सही तसं जुनंच आहे, १९३० च्या दशकात प्रतापसिंहराव महाराजांनी युरोपियन पाहुण्यांसाठी करून घेतलेलं आणि नव्वदच्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंहांनी दुरुस्त करून लोकांना खुलं केलेलं. समोर लक्ष्मी विलास, हातात नानांची काठी, खेळ झाला की सेव उसळ. कॅडी सुरुवातीला कमी पल्ल्याची काठी सांगायचा कारण बाकीच्यांच्या बॅगा नव्या, त्याला ७ म्हणजे १५० ची सवय. आता तो माझी बॅग उचलली की आपणहून म्हणतो, "आमां तो बे नंबर मोटी लेवानी", म्हणजे यात दोन नंबर मोठी घ्यायची.

ग्रूपमधे दोघांनी या वर्षी नवीन सेट घेतले. एकाचा खेळ खरंच सुधारला, वय ६८, त्याला बॉल उंच जायला हवा होता आणि तो गेला, त्याच्यासाठी पैसे वसूल. दुसरा अजून तेवढाच टॉप मारतो (बॉलच्या वरच्या भागावर), फक्त आवाज बदललाय.

माझा एकूण खर्च ग्रिप, वाकवणं, वेज, हायब्रिड, सेकंडहँड ड्रायव्हर आणि लेसन धरून एक्केचाळीस हजार. पाच-सहा वर्षांनी स्विंग हळू पडला तर मीही ते कमी लॉफ्टवालं घेईन, तेव्हा कोणी हा रिव्ह्यू काढून दाखवू नका.

आता परत पावसाळा लागलाय. बॅग या वेळी डिकीत नाही, तिसऱ्या मजल्यावर बेडरूममधे कपाटाला टेकून उभी आहे, दार अर्धंच उघडतं त्यामुळे, आणि परातीवरून अजून ऐकवणाऱ्या बायकोनं नानांच्या बॅगेबद्दल मात्र एक शब्द काढलेला नाही.