कारो-कान की फ्रेंच? ई४ ला काळ्याचं उत्तर

बुद्धिबळात पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं ई४ वर (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) ढकललं की काळ्यानं काय करावं, यावरून बेळगावात शहापूरच्या आमच्या कट्ट्यावर दर पावसाळ्यात वाद रंगतो. ई५ खेळलं तर पाठांतर फार, नोकरी सांभाळून ते झेपत नाही. भक्कम म्हणून दोनच बचावांची नावं पुढं येतात, कारो-कान आणि फ्रेंच.

पांढरा डी४ करतो, मग दोन्हींत काळ्याची पुढची चाल डी५ हीच. फरक टेकूचा. कारो-कानमध्ये तो पहिल्याच चालीतलं सी६ चं प्यादं देतं, फ्रेंचमध्ये ई६ चं. आणि सगळं रामायण घडतं ते सी८ वरच्या उंटामुळं. फ्रेंचमध्ये ई६ झालं की त्याच्या दाराला कडी लागली. पांढऱ्यानं ई५ पुढं सरकवलं तर कारो-कानवाला आधी उंट एफ५ वर काढतो, मग ई६ करतो. फ्रेंचवाला मात्र लगेच सी५ करून डी४ वरच्या पांढऱ्या प्याद्यावर तुटून पडतो, घोडा सी६ वर आणि वजीर बी६ वर आणून दाब वाढवतो. कारो-कानमध्ये त्याच सी५ ला एक चाल जास्त लागते, कारण प्यादं सी६ वर थांबून आलेलं असतं. उंट मोकळा हवा तर ही किंमत मोजा की.

कारो-कान सुरक्षित म्हणून गाफील राहू नका. मी राहिलो. तिसऱ्या चालीला पांढऱ्याचा घोडा सी३ वर आला, मी ई४ वर मारलं, त्यानं घोड्यानं परत घेतलं. मी घोडा डी७ ला ठेवला, समोरच्या सातवीतल्या पोरीनं वजीर ई२ वर आणला. मी सवयीनं दुसरा घोडा एफ६ ला काढला. तिनं घोडा डी६ वर ठेवला. मात! ई७ चं प्यादं तिच्या वजिरामुळं बांधलेलं, हललं तर राजाला शह, मारणार कशानं? सहा चालींत चहाही गार झाला नव्हता. म्हणून तिथं घोडा डी७ ऐवजी उंट एफ५ ला काढावा. पुढं एच४ आलं तर एच६ करून त्याला पळायला जागा ठेवावी.

फ्रेंचमधला धोका वेगळा. ई५ चं प्यादं एफ६ वरच्या घोड्याला हुसकावतं, किल्लेकोट करून कोपऱ्याकडं नेलेला राजा उघडा पडतो आणि एच७ वर उंटाचा बळी देऊन हल्ला येतो. पांढऱ्यानं डी५ वर प्याद्यांची मारामारी केली तर उंट सुटतो, पण डाव मिळमिळीत होतो.

नावांचं म्हणाल तर कारो आणि कान या दोन खेळाडूंचं विश्लेषण १८८६ चं. फ्रेंचला नाव मिळालं लंडन-पॅरिसच्या १८३४-३६ च्या टपाली डावावरून. सोव्हिएत जगज्जेता बोटविनिक दोन्ही खेळायचा, आणि १९५८ ला स्मिस्लॉवकडून जगज्जेतेपद परत घेताना त्यानं कारो-कान वापरला.

आठवड्यातून दोन डाव होत असतील तर कारो-कान घ्या. कोंडीत बसून उलटा वार करायची खाज असेल तर फ्रेंच. निपाणीच्या भाच्याला मी हेच सांगितलं. “मामा, मला मारामारी आवडते,” म्हणाला. मिरजेच्या गाडीत घटप्रभेपर्यंत त्याचा उंट सी८ वरच बसला होता. डाव त्यानंच जिंकला.