स्वस्त ट्रॅक हब: डगडग निघते, आटे गेले की हब गेला

हे सायकलच्या चाकाच्या मधल्या तुंब्याबद्दल, म्हणजे हबबद्दल: ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या, सीलबंद बेअरिंगच्या, १२० मिलिमीटर रुंदीच्या मागच्या फ्लिप-फ्लॉप हबबद्दल. फ्लिप-फ्लॉप म्हणजे एका बाजूला चाकासोबतच फिरणारा फिक्स्ड कॉग (चेनची दातेरी चकती), दुसऱ्या बाजूला पेडल थांबवू देणारं फ्रीव्हील. चकाकी सगळ्यांची सारखीच. एक्सल बोटांत धरून गरकन फिरवणं ही पारख नव्हे. ज्यात ग्रीस कमी, तोच हब हातात सगळ्यात छान फिरतो.

आधी आटे बघा. फिक्स्ड बाजूला दोन पायऱ्या हव्यात: आत कॉगचा मोठा आटा, बाहेर लॉकरिंगचा (कॉग सुटू न देणाऱ्या कड्याचा) लहान आणि उलटा आटा. एकच पायरी असेल तर तो नुसता फ्रीव्हीलचा आटा. त्यावर फिक्स्ड कॉग चढवला, तर मागे जोर लावताच कॉग सुटू लागतो. कॉग हाताने शेवटपर्यंत जायला हवा. अर्ध्यातच लटपटला तर हब परत पाठवा. अॅल्युमिनियमचे आटे एकदा खाल्ले गेले की इलाज नाही.

डगडगीला मात्र इलाज आहे. चाक फ्रेममध्ये कसून रिम आडवी हलवा. खटखट आली तर पहिले लॉकनट (एक्सलवर बेअरिंग धरून ठेवणारे नट) तपासा, बरेचदा तेच सैल असतात. ते घट्ट असूनही खेळ राहिला तर एक बाजूचा नट काढून एक्सलचं टोक लाकडी हातोडीने ठोका, समोरचं बेअरिंग बाहेर येतं. त्याच्या कडेवरचा नंबर वाचा. ६००० किंवा ६००१ असेल तर जळगाव-धुळ्यात पंपाच्या मोटारींची बेअरिंगं विकणाऱ्याकडे विचारा, सायकलच्या दुकानाची वाट धरायची गरज नाही. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच घ्या. पत्र्याच्या झाकणाचं आपल्या काळ्या मातीच्या धुळीत टिकत नाही.

नवं बेअरिंग बोटाच्या जोरानेच बैठकीत गेलं तर दोष हबच्या कातकामात आहे. मिस्त्री तिथे पंच मारून डाग पाडतात. ते चार दिवसांचं काम, शिवाय बेअरिंग तिरकं बसतं. त्यापेक्षा बैठक पेट्रोलने पुसून, कोरडी करून रिटेनिंग कंपाउंड (बेअरिंग बैठकीत पकडून ठेवणारा चिकट द्रव) लावा आणि रात्रभर सुकू द्या. बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर ठोकलं की छर्रे रिंगमध्ये खड्डे पाडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं.

सुट्या छर्ऱ्यांचे हब जास्त टिकतात, हे आमचं ठाम मत. शिमानोचा ड्युरा-एस ७६०० याच जातीचा. मागच्या हबला सहसा पाव इंची छर्रे, बाजूला ९. बदलायचे तर सगळे एकदम. कोन (एक्सलवरचा निमुळता नट) आणि वाटी (हबमधली छर्ऱ्यांची बैठक) यांवर बॉलपेनचं टोक फिरवा, अडखळलं तर खड्डा आहे. खड्डा कोनात असेल तर कोन बदला, वाटीत असेल तर हब भंगारात. कोन बसवताना क्विक-रिलीजसारखा (खटक्याने आवळायच्या चाकासारखा) किंचित खेळ ठेवू नका: ट्रॅकचे नट एक्सलला आवळत नाहीत, त्यामुळे टेबलावर राहिलेला खेळ रस्त्यावरही तेवढाच राहतो.