इलेक्ट्रिक बाकफीट्स : युट्रेख्तमध्ये गाडीऐवजी घ्यावी का?

बाकफीट्स म्हणजे पोरं आणि सामान वाहायची डच सायकल. समोर मोठा बॉक्स असलेली, बॉश मोटरवाली घेतलीय आम्ही. पोरांना शाळेत सोडणं, ऑफिस, आणि शनिवारी इंडियन स्टोअरमधून १० किलो आटा, तांदूळ, कांद्याची पिशवी, सगळं एका फेरीत येतं आणि वर धाकटी बसलेली असते बेल्ट लावून.

लोक म्हणतात नेदरलँड सपाट आहे मग मोटर कशाला, अरे बाबा चढ नाही पण वारा आहे ना, समोरून वारा आला की मोटरची किंमत कळते. मदत फक्त पॅडल मारताना मिळते आणि ताशी २५ किमीला बंद होते, त्यामुळे लायसन्स, नंबरप्लेट काही लागत नाही.

चालवायला सुरुवातीला विचित्र वाटतं, पुढचं चाक इतकं लांब की वळण मोठं घ्यावं लागतं, आणि हळू असताना हँडल डगमगतं. रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करा आधी, पोरं न बसवता.

आता खटकणाऱ्या गोष्टी. किंमत सहा-सात हजार युरो, म्हणजे सेकंडहँड कार येते त्यात. वजन भयंकर, जिना असेल तर विसराच. थंडीत बॅटरी लवकर उतरते, मी रात्री काढून घरात आणतो. चोरीची भीती वेगळीच, कुलपावर पैसे वाचवू नका, इन्शुरन्सवाले एआरटी मार्क (कुलूप मजबूत असल्याची डच खूण) असलेलंच मागतात. सेंट्रल स्टेशनच्या सायकल पार्किंगमध्ये पहिले २४ तास फुकट आहेत, पण मोठ्या सायकलींची जागा वेगळी असते, ती शोधत बसावं लागतं.

तरी मी परत हीच घेईन. फक्त पावसाचं कव्हर सोबतच घ्या, नाहीतर पोरं भिजतात आणि बोलणी आपल्याला बसतात.