ध्यानाचं ॲप, ६ महिने वापरून: १४३ दिवसांची स्ट्रीक आणि माझा जबडा

परवा सकाळी खात्यातून ९९९ रुपये गेल्याचा मेसेज आला. ध्यानाच्या ॲपचं सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू झालं होतं. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यावी लागते, ती आलीही होती. ऑफरांच्या ढिगात माझ्या नजरेतून सुटली. परत मागितले, तर ‘धोरणात बसत नाही’ एवढंच उत्तर.

ॲप म्हणजे काय, तर डोळे मिटून बसायचं, फोनमधला आवाज सांगेल तसं करायचं, मग घंटा. माझं दुखणं वेगळं होतं. मी दात आवळते. झोपेत, हिशेब करताना, कांदिवलीला गाडीत शिरताना. दातांच्या डॉक्टरांनी रात्री दातांवर बसवायला गार्ड दिला आणि म्हणाल्या, दिवसा जबड्याकडे लक्ष ठेवायला शिका. म्हणून हे ॲप.

त्यातला ८ आठवड्यांचा कोर्स खरंच चांगला आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ध्यानातून ताण कमी करण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्याच धर्तीवरचा. बॉडी स्कॅनमध्ये पायाच्या बोटांपासून एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं, काही बदलायला जायचं नाही. पंधराएक दिवसांनी कुकरची शिटी मोजता मोजता मला कळलं, की वरचे-खालचे दात एकमेकांवर घट्ट बसलेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आवळलेले असतानाच कळलं. तेव्हाच लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

पण ती स्ट्रीक! सलग किती दिवस बसलात त्याचा आकडा, उघडल्या उघडल्या समोर. शंभरी ओलांडल्यावर मी त्या आकड्यासाठी बसू लागले. रात्री पावणेबाराला डोळे मिटत असताना फोन उशाशी लावून द्यायचा, मन दुसरीकडेच. जुलैत पावसाने गाड्या रखडल्या, घरी पोचायला साडेबारा वाजले, आणि १४३ चा झाला शून्य. त्या शून्याकडे बघत मी पलंगावर बसले होते आणि जबडा दगडासारखा झाला होता. ज्यासाठी पैसे भरले, तेच दुखणं त्यांनी वाढवून दिलं. कस्टमर केअरला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा तेच छापील उत्तर, वर ‘पुन्हा सुरुवात करा’.

त्यानंतरच्या रविवारी मैत्रीण गोराईच्या विपश्यना पॅगोडात घेऊन गेली. तिथे आलेल्यांना थोडा वेळ आनापान शिकवतात, फुकट. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा. मोजायचा नाही, ओढायचा नाही. आकडा नाही, घंटा नाही. मी रडले, खरं सांगते.

आता लेडीज डब्यात वरची कडी धरून अंधेरीपर्यंत तेवढंच करते. नाकाशी गजऱ्याचा वास, ओल्या छत्र्यांचा वास, मधूनच थंड वारा. दिवसातून आठ-दहा वेळा दात सुटे करते. गार्ड अजून आहे, पण डॉक्टर म्हणाल्या, आता त्यावरच्या खुणा पहिल्याइतक्या खोल नाहीत.

घेणारच असाल तर पैसे भरल्या दिवशीच यूपीआयमधल्या ऑटोपेत जाऊन मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द करा. स्ट्रीक लपवता येते का तेही आधी बघून घ्या. माझ्या ॲपमध्ये येत नाही. दोन तारे देते, दोन्ही बॉडी स्कॅनचे.