सिक एलएमएस 291 लेझर स्कॅनर, वाळवंटात आठ महिने वापरून

परवा भाच्याचा फोन आला, मावशी, सिक कंपनीचा जुना एलएमएस 291 सेकंडहँड मिळतोय, कुठल्याशा कारखान्यातून निघालाय, घेऊ का. पोरगं पुण्यात इंजिनिअरिंगला, कॉलेजच्या बाहा टीममध्ये, म्हणजे स्पर्धेसाठी खडबडीत रस्त्यावरची बग्गी बनवणारी पोरं, आणि आता यांना म्हणे बग्गी ड्रायव्हरशिवाय पळवायचीय. तासभर बोललो तरी निम्मं राहिलंच, मग म्हटलं सरळ लिहूनच टाकते, अजून कुणी जुना घ्यायच्या विचारात असेल तर त्यालाही कामाला येईल.

माझा संबंध असा की 2005 साली मी कॅलिफोर्नियात एमएस करत होते आणि फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत एका छोट्या टीममध्ये हेच यंत्र जवळजवळ रोज माझ्या हातात होतं. डार्पाची, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेची, ग्रँड चॅलेंज शर्यत, म्हणजे गाडीत माणूस नाही, रिमोट नाही, मोहावीच्या वाळवंटातून गाडीने स्वतःच वाट काढायची. आदल्या वर्षी 13 मार्चला पहिली शर्यत झाली होती, बार्स्टो ते प्रिम, 142 मैल, आणि सगळ्यात लांब गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची सँडस्टॉर्म ही गाडी साडेसात मैलांच्या आतच एका वळणावर बांधावर अडकून पडली. 10 लाख डॉलर तसेच राहिले, म्हणून 2005 ला बक्षीस 20 लाख केलं, आणि आमच्यासारखे हौशे-नवशे सगळे धावले. आमची गाडी म्हणजे एक जुनी जीप, स्टिअरिंगला साखळीने जोडलेली मोटर, ब्रेक दाबायला अ‍ॅक्चुएटर, आणि टपावर दोन एलएमएस.

यंत्र दिसायला ऑफिसातल्या कॉफी मशीनसारखं, वजन साडेचार किलो. आत एक आरसा गरागरा फिरतो आणि लेझरचा ठिपका एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत 180 अंशात झाडू मारल्यासारखा फिरवतो, सेकंदाला 75 वेळा. प्रत्येक दिशेला वस्तू किती लांब आहे ते सांगतो, बस. चित्र नाही, रंग नाही, फक्त एका पातळीतली अंतरं. आम्ही दोन मीटर उंचीवरून खाली झुकवून बसवला होता, ठिपक्यांची ओळ 20 मीटर पुढे जमिनीवर पडेल असा, आणि गाडी पुढे सरकली की ओळीला ओळ लागून रस्त्याचा नकाशा तयार. बायका रांगोळीचे ठिपके काढतात ना, तसंच. फक्त एक अंशाच्या सेटिंगला 20 मीटरवर दोन ठिपक्यांमध्ये 35 सेंटिमीटरचं अंतर पडतं, मधे एखादा नारळाएवढा दगड आरामात लपतो, म्हणून अर्ध्या अंशावर चालवायचा.

आता पहिला धडा. यंत्राला 24 व्होल्ट लागतात, गाडीत 12. आम्ही एक स्वस्तातला कन्व्हर्टर घेतला (कंपनीचं नाव घेत नाही) आणि तो ऑगस्टच्या उन्हात तिसऱ्या दिवशी वास सोडून गेला. मग दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आणि वेगळा अल्टरनेटर, त्यावर पुन्हा कधी प्रश्न आला नाही. दुसरं, वायर. नेहमीच्या सिरीयल पोर्टने 38400 बॉडवर, म्हणजे सेकंदाला 38400 बिटच्या वेगाने जोडला तर अर्ध्या अंशाची 361 वाचनं, प्रत्येकी 2 बाइट, सेकंदाला जेमतेम पाच ओळी येतात. गाडी ताशी 36 किलोमीटरने चाललीय म्हणजे सेकंदाला 10 मीटर, म्हणजे दर 2 मीटरला एक ओळ, म्हणजे आंधळीच की! पूर्ण वेग हवा तर आरएस-422 प्रकारची जोडणी आणि 500 किलोबॉड, आणि साध्या पीसीच्या सिरीयल पोर्टला तो आकडा जमत नाही, त्यासाठी वेगळं कार्ड लागतं. भाच्याला पहिलं हेच विचारलं, कार्ड मिळतंय का बघ आधी, नाहीतर टपावर शोभेला ठेव.

खरा त्रास मात्र यंत्राचा नव्हताच. जूनमध्ये बार्स्टोजवळ स्टॉडर्ड व्हॅलीत टेस्टिंग चाललं होतं, रस्ता कपडे घासायच्या फळीसारखा खडबडीत, आणि सपाट मैदानात गाडी अचानक ब्रेक मारायची. स्क्रीनवर समोर भिंत, काचेतून बघावं तर क्षितिजापर्यंत काही नाही. दोन दिवस सगळे कोडमध्ये डोकं घालून बसलेले, एकमेकांचे बग काढताहेत. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मी सहज टपावर हात टेकला तर स्कॅनर हलला. पडायला आलेला दुधाचा दात हलतो तसा, डोळ्याला दिसणारही नाही इतका. ब्रॅकेटचे चारही नट खडखडाटाने सैल झालेले. आता हिशोब बघा, 20 मीटरवर एक अंशाची चूक म्हणजे उंचीत 35 सेंटिमीटरची चूक, म्हणजे सपाट जमीन गुडघ्याच्या जवळपास येते आणि गाडीला वाटतं बांध आहे. त्या दिवसापासून लॉकनट, आणि प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर जाणारी लाल नेलपॉलिशची रेघ. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पोरं हसली, पण सप्टेंबरपर्यंत माझी बाटली त्यांनीच संपवली.

ब्रॅकेट घट्ट झालं तरी गाडी स्वतः डुलतेच. त्यामुळे प्रत्येक वाचन घेतलं त्या क्षणी नाक किती वर, किती खाली होतं ते आयएमयूकडून, म्हणजे गाडीचा कल नि हालचाल मोजणाऱ्या सेन्सरकडून, माहीत हवं, आणि नेमकं त्याच क्षणाचं. आमचा प्रोग्रॅम वेळेचा शिक्का मारायचा तो डेटा कॉम्प्युटरला पोचल्यावर, मोजल्यावर नाही. मधे बफरमध्ये, म्हणजे डेटाच्या रांगेत, 100 मिलिसेकंद जायचे. 10 मीटरच्या वेगाला तो झाला एक मीटर, झुडूप एकीकडे आणि स्टिअरिंग वळतंय दुसरीकडे, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. हे कळायला जुलै उजाडला.

गंमत म्हणजे हा आजार मोठ्यांनाही होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या स्टॅनले या गाडीच्या टपावर सिकचेच पाच स्कॅनर होते, आणि त्यांच्या शोधनिबंधात स्पष्ट लिहिलंय की नसलेले अडथळे दिसण्याचं प्रमाण आधी 12.6 टक्के होतं. त्यांनी काय केलं, दोन वाचनांमध्ये जितका वेळ गेलाय तितका त्यांच्या उंचीतल्या फरकावर कमी विश्वास ठेवायचा, आणि प्रमाण आणलं 0.002 टक्क्यांवर. ते वाचून मला रडू यायचं बाकी होतं, कारण आम्ही त्याच दुखण्यावर ब्रेकची संवेदनशीलता कमी करत बसलो होतो.

बाकी जे दोष म्हणाल ते कुठल्याही लेझरचे. धूळ म्हणजे भिंत, वारा मागून असला की आपलीच धूळ पुढे येते आणि गाडी स्वतःच्याच धुळीला घाबरून उभी. सूर्य खाली असला की यंत्राचे डोळे दिपतात, बिचारं तसा कोडही पाठवतं, तो वाचायचा आणि ते वाचन फेकायचं, "लांबवर काही नाही" असा अर्थ काढायचा नाही. आणि वाऱ्यावर गडगडत येणारं वाळकं झुडूप नि दगड यातला फरक त्याला कळत नाही, एकावरून जायचंय, दुसऱ्याला वळसा घालायचाय, ते तुम्ही ठरवा.

पुढची काच कधीही कोरड्या फडक्याने पुसू नका, वाळूने ओरखडे पडतात. आधी मऊ ब्रश, मग ओला जुना पंचा. (मोहावीत अजून एक सवय लागते, उभी गाडी हलवायच्या आधी खाली वाकून बघायचं, सावलीला कासव येऊन बसलेलं असतं, आणि ते संरक्षित आहे. 4.5 किलोचं यंत्र टपावर, पण गाडीखाली बघायला माणूसच.)

आमचं काय झालं? फोंटानाच्या स्पीडवेवर पात्रता फेरी होती, 43 टीम. तिथल्या ट्रॅकवर एक धातूचा बोगदा ठेवलेला, जीपीएस मुद्दाम तोडायला. आमची जीप बोगद्यातून झकास बाहेर आली, बाहेर येताच जीपीएसने एक उडी मारली, आधीचा नकाशा नि नंतरचा नकाशा एकमेकांवर तिरका बसला आणि मोकळ्या ट्रॅकवर गाडी थांबली ती थांबलीच. दोन्ही स्कॅनर शेवटपर्यंत बरोबर अंतर सांगत होते, चूक आमच्या हिशोबाची. 23 टीम पुढे गेल्या, त्यात आम्ही नाही. 8 ऑक्टोबरला प्रिमला प्रेक्षक म्हणून उभी होते, स्टॅनले 132 मैल 6 तास 53 मिनिटांत संपवून आली, एकूण पाच गाड्या पोचल्या, आणि मी दुर्बीण लावून तिच्या टपावरचे ब्रॅकेट बघत होते.

तर घ्यावा का? आज हलके, स्वस्त, एकाच वेळी अनेक ओळी मारणारे स्कॅनर मिळतात, पैसे असतील तर तेच घ्या. पण हातात येणारा एलएमएस चालू असेल, आरसा खरखर न करता फिरत असेल, काच स्वच्छ असेल आणि किंमत हॉस्टेलच्या खिशाला झेपणारी असेल तर शिकायला याच्यासारखा मास्तर नाही. आठ महिने ऊन, धूळ, धक्के खाऊन आमच्या दोन्हीपैकी एकही बंद पडला नाही, एवढं तर मी शपथेवर सांगेन.

भाच्याला सांगितलंय, बसवलास की ब्रॅकेटचा फोटो पाठव. नट आवळल्यावरचा नको, दिवसभर खडबडीत रस्त्यावर पळवून आणल्यावरचा, आणि रेघ दिसेल असा.