छोटी जोडी हातात: कॉल करायचा की उलट वाढवायचं?

पोकरचा (टेक्सास होल्डेम) डाव आहे. हातात पंजीची जोडी आहे आणि समोरच्याने रेझ केलंय, म्हणजे पैज वाढवलीय. कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) बघायचा, की आणखी वाढवून त्यालाच पेचात टाकायचं?

कॉलचं गणित सरळ आहे. फ्लॉपवर तिसरी पंजी येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा. उरलेल्या वेळी बहुतेकदा पानं मुकाट्याने टाकायची. (इथेच बरेच जण अडकतात: टेबलावर राणी-नव्वी पडलेली असते आणि हे पंजी कवटाळून बसतात.) म्हणून पॉटआधी (मध्ये जमलेल्या चिप्सआधी) स्टॅक, म्हणजे प्रत्येकाकडे उरलेल्या चिप्स मोजा, दोघांपैकी ज्याचा लहान, तोच खरा. कॉलच्या निदान १५ पट चिप्स मागे असाव्यात, कारण सेट (जोडीला तिसरं पान) लागला म्हणून दरवेळी पूर्ण वसुली होत नाही. त्याच्याकडे मोठी जोडी असेल तर होते. एक्का-राजा असून फ्लॉप हुकला असेल, तर तो एका बेटनंतर पळतो.

वाढवलं आणि त्याने पानं टाकली, तर पॉट लगेच आपला. पण त्याने पुन्हा वाढवलं, की फ्लॉप न बघताच सोडावं लागतं. मोठ्या स्टॅकवर मला हा उद्योग महाग वाटतो.

टूर्नामेंटमध्ये दहा-बारा बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधीची सक्तीची मोठी पैज) भरतील एवढ्याच चिप्स उरल्या असताना मात्र कॉल निरर्थक. सैल, म्हणजे कमजोर पानांवरही रेझ करणाऱ्यावर थेट ऑल-इन जा, सगळ्या चिप्स लावा. एक्का-राजासमोर पंजी किंचित पुढेच असते. मोठ्या जोडीसमोर मात्र पाचांत एकदाच वाचते.