आठ महिने एक टॅब कायम उघडा: जंगलातले लाइव्ह कॅमेरे वापरून पाहिले

फेब्रुवारीत एका तक्त्यात आकडे भरता भरता कंटाळा आला, म्हणून न्यूझीलंडच्या तायारोआ हेड या भूशिरावरचा लाइव्ह कॅमेरा उघडला. गवतात बसलेला एक पांढराशुभ्र पक्षी, मागे वाऱ्याचा आवाज, एवढंच. दहा मिनिटांत त्यानं एकदा मान वळवली. मग त्याच्या पोटाखालून कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी डोकावलं, आणि तो तक्ता दुसऱ्या दिवशी पूर्ण झाला.

तेव्हापासून कामाच्या खिडकीशेजारी असा एखादा कॅमेरा चालूच असतो. आठ महिने झाले, आता बरंवाईट सांगण्याइतका वापर झालाय.

आधी हा पहिला कॅमेरा, कारण सर्वात जास्त तोच पाहिला. नॉर्दर्न रॉयल अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी, पंख पसरले की जवळजवळ 3 मीटर. अंडं सुमारे 80 दिवस उबवतात, आणि पिल्लू उडायला आणखी आठ महिने लागतात. सुरुवातीचे काही आठवडे आई किंवा बाप कायम जवळ असतो. मग एक दिवस कॅमेरा उघडला तर पिल्लू एकटंच! मी अस्वस्थ. दोन दिवस दर तासाला डोकावत होते. नंतर कळलं की यांची रीतच ही. दोघंही समुद्रावर जातात, आलटूनपालटून येऊन भरवतात आणि लगेच निघतात. बाकी वेळ पिल्लू एकटं बसून असतं, चोचीनं गवत ओढून आजूबाजूला खोटी खोटी घरटी करतं. मधल्या काळात ते आईबापांपेक्षाही जड होतं, एखाद्या फुगलेल्या उशीसारखं दिसतं. तिथले रेंजर त्याचं नियमित वजन करतात आणि कमी भरलं तर वरून खायला घालतात. अंडं फुटायच्या सुमारास तर ते काढून उबवणी यंत्रात नेतात, घरट्यात नकली अंडं ठेवतात आणि बाहेर आलेलं पिल्लू परत आणून देतात. नाहीतर माश्या येऊन त्याच्यावर अंडी घालतात. हे समजल्यावर त्या शांत चित्रामागे किती माणसं राबतात ते दिसायला लागलं.

कॅमेऱ्यांना हंगाम असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. वसंतात नेदरलँड्समधल्या उट्रेख्तची ‘माशांची बेल’. कालव्याच्या जलद्वाराशी पाण्याखाली कॅमेरा लावलाय. वसंतात मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात, पण त्या दिवसांत बोटी कमी, त्यामुळे दार क्वचितच उघडतं आणि मासे तिथंच अडकतात. मासा दिसला की आपण बटण दाबायचं, फोटो जातो, तिथली माणसं तो तपासतात आणि पुरेसे मासे जमले की दार उघडतं. 2021पासून हे चालू आहे. मी पहिल्या आठवड्यात एक पान, एक काटकी आणि एका बुडबुड्यासाठी बेल वाजवली. बहुतेक वेळ हिरवट गढूळ पाणीच दिसतं. पण पहिला खरा पर्च, अंगावर पट्टे असलेला, काचेसमोर येऊन थांबला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

कामासोबत चालवायला सर्वात उत्तम म्हणाल तर स्वीडनमधलं मूस या थोराड हरणांचं स्थलांतर. तिथली सरकारी वाहिनी 2019पासून दर वसंतात हे जवळपास तीन आठवडे, रात्रंदिवस दाखवते. मूस ओंगेरमान नदी पोहून ओलांडतात, म्हणजे क्वचित कधीतरी ओलांडतात. बाकी नदी, झाडं, विरघळता बर्फ. हेच तर हवं! डोळा अधूनमधून नुसता टेकवायचा आणि परत कामाला लागायचं. ज्या कॅमेऱ्यावर सतत काही घडतं तो काम करू देत नाही.

उदाहरणार्थ, अलास्कातलं कटमई राष्ट्रीय उद्यान, ब्रुक्स धबधबा. धबधबा कसला, जेमतेम माणसाच्या उंचीचा. जुलैत सॅमन मासे उड्या मारत वर चढतात आणि तपकिरी अस्वलं काठावर तोंड उघडून उभी. हा कॅमेरा मी कामाच्या वेळेत बंद करून टाकला, तुम्हीही करा. अस्वलांना क्रमांक आहेत, काहींना नावंही, आणि दोन आठवड्यांत तुम्ही ती ओळखायला लागता. मग सुटका नाही. शरदात सर्वात जाडजूड अस्वल निवडायला मतदान होतं. 2014मध्ये सुरू झालं तेव्हा 480 क्रमांकाचा ओटिस जिंकला. 2024मध्ये 128 क्रमांकाची ग्रेझर जिंकली, तीही 32 क्रमांकाच्या नराला हरवून. त्याच उन्हाळ्यात याच नराच्या हल्ल्यात तिचं एक पिल्लू गेलं होतं. त्याच वर्षी मतदानाच्या तोंडावर एका नरानं एका मादीला मारलं, आणि ते थेट कॅमेऱ्यावर दिसलं. स्पर्धकांची घोषणा एक दिवस पुढे ढकलली. इथे कोणी मध्ये पडत नाही. म्हणून मुलांना शेजारी बसवून हा कॅमेरा लावत असाल तर हात माऊसवर ठेवा. मला स्वतःला तायारोआची राखण आणि इथला अलिप्तपणा दोन्ही पटतात; कसे, ते विचारू नका.

आता तक्रारी. डेटा खातो, भरपूर. चित्राचा दर्जा 1080वर ठेवला तर तासाला दीड ते तीन जीबी सहज जातात. मी 480वर आणते, पक्षी तेवढाच पांढरा दिसतो. जुना लॅपटॉप तापतो, पंखा घुरघुरतो. काही ठिकाणी ऐन वेळी जाहिरात उगवते. वादळ आलं की कॅमेरा बंद, आणि दोन दोन दिवस काळी चौकट बघत बसायचं. तिकडची सकाळ म्हणजे माझी रात्र, हेही आहेच. आणि एकदा बैठकीत चुकीची खिडकी शेअर झाली. तिमाही आकड्यांऐवजी आठ जणांनी पिल्लाला आपल्याच अंगावरची पिसं उपटताना पाहिलं. साहेब फक्त ‘हे काय आहे?’ म्हणाले. मी सांगितलं, तर तेही पाच मिनिटं बघत राहिले.

एक युक्ती: चित्र झाकून नुसता आवाज चालू ठेवा. नामिब वाळवंटातल्या पाणवठ्याचा कॅमेरा मी असाच वापरते. पाण्याचा चळकन आवाज आला तरच वर बघायचं. बहुधा गेम्सबॉक असतो, सरळ लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी, कधी शहामृग, रात्री कोल्हे.

कामाला उशीर झाला का? झाला, चारदोनदा. पण फोन हातात घेऊन तासन्‌तास अंगठा फिरवणं जवळजवळ थांबलं. का, ते मला वाटतं असं: इथे पुढचं काही नसतंच, त्यामुळे दोन मिनिटांत उठता येतं.

अल्बट्रॉसचं पिल्लू सप्टेंबरमध्ये उडून गेलं. त्याआधी कितीतरी दिवस ते वाऱ्यात पंख पसरून नुसतं उभं राहायचं, पाय उचलायचं, परत टेकवायचं. आता काही वर्षं ते जमिनीवर उतरणार नाही. त्या जागी नुसतं गवत आहे आणि नवी अंडी नोव्हेंबरात येतील. तोवर मी पाणवठ्यावर.